घरची गाडी कोण निवडतं?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मराठीत 'गाडी' हा शब्द फार सोशिक आहे. बैल जुंपलेली ती गाडी, रुळांवर धावणारी ती गाडी, एसटी ही गाडी आणि दारात उभी असलेली मोटार तीही गाडीच. 'खटारा' या शब्दाचं नशीब मात्र फिरलं. पूर्वी ओझं वाहणाऱ्या दणकट बैलगाडीला खटारा म्हणत. शब्द मानाचा नव्हता, पण कामाचा होता. आता शेजाऱ्याच्या जुन्या मोटारीला नावं ठेवण्यापुरता तो उरला आहे. आज मी बोलणार आहे ते अशा कामाच्या गाडीबद्दलच. रोजच्या गरजेला पुरेल, खिशाला झेपेल आणि आडवाटेला दगा देणार नाही अशी गाडी माणूस कशी निवडत आला, याची ही थोडी हकिगत. ती सांगायला आमच्या पनवेलइतकं सोयीचं गाव दुसरं नाही, असं माझं मत आहे. पनवेलकर म्हणून ते पक्षपाती वाटलं, तर वाटू द्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने देशभरातल्या गावांची माहिती असलेलं इम्पीरियल गॅझेटियर काढलं. त्यात पनवेलवर छोटीशी नोंद आहे. बंदर आहे, तांदळाचा व्यापार आहे, हे तर आहेच. पण गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंदवलाय तो गाड्यांची चाकं बनवण्याचा. आसपासच्या मुलखात आणि देशावर जाणाऱ्या रस्त्यावर जी चाकं फिरतात ती सगळी याच गावात घडतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. म्हणजे आज पिंपरी-चिंचवडची जी ओळख आहे, ती त्या काळी लहान प्रमाणात आमच्या पनवेलची होती. चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. ही धाव लालबुंद तापवून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक असं घट्ट बसायचं, की वर्षानुवर्षं हलायचं नाही. 'धाव' या शब्दात पळणंही आहे आणि आवळणंही आहे. कवी माणसाला असे शब्द फुकटात मिळतात.

पण हा धंदा पनवेललाच का वाढला? तर रस्त्यामुळे. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पडावाने खाडीतून पनवेलला उतरायचा आणि पुढे बोरघाट चढायचा. घाटातून शतकानुशतकं माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे मीठ खाली-वर करत. चाकाला तिथे जागाच नव्हती. १८०४ च्या सुमारास वेलस्लीने तोफा नेण्यासाठी हा घाट सुधारून घेतला. पुढे १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत तो नीट बांधून गाड्यांना खुला झाला. घाटात चाक शिरलं आणि घाटाच्या पायथ्याचं पनवेल सुतार-लोहारांचं गाव झालं.

याच सुमाराला देशावर आणखी एक गोष्ट घडत होती. त्या काळच्या जुन्या धाटणीच्या गाड्यांची चाकं अखंड लाकडाची, कुठे कुठे तर चक्क दगडाची असत. आसही चाकाबरोबर फिरायचा. असं धूड ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. साहजिकच अशी गाडी एकट्या कुणब्याच्या आवाक्यातली नव्हती. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने हलकी, मजबूत आणि बेताच्या किमतीची गाडी तयार केली आणि तिच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला कारखाना निघाला. दोन बैलांत चालणारी गाडी. आपल्याकडच्या सर्वसामान्य माणसासाठी आखलेलं पहिलं वाहन कोणतं, असं मला विचारलंत, तर मी या टेंभुर्णीच्या गाडीचं नाव घेईन. पुढची 'लोकांची मोटार' ज्या हिशेबावर उभी राहिली, तोच हिशेब इथेही आहे. ओढायला किती लागतं, ओझं किती मावतं, मोडली तर गावातला सुतार दुरुस्त करू शकतो का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, हे लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

रेल्वेने पनवेलला वळसा घातला. १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढला तो कल्याण-कर्जतच्या बाजूने. पुण्याची वर्दळ गेली, तरी बैलगाडी राहिलीच. भाताच्या गोणी काही आगगाडीने घरी येत नसत.

आता मोटारीकडे येऊ. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या रस्त्यांवर मोटारी पुष्कळ जातींच्या होत्या. अमेरिकन जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्येच कारखाना काढला होता. सुटे भाग जहाजातून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. फोर्डचंही तसंच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना मात्र मोटार इथेच बनवायची होती. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, की ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवायचे असतील त्यांनी राहावं, बाकीच्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर, मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड. पुढची जवळजवळ तीस वर्षं आपली निवड एवढ्या तीन नावांत संपायची.

निवड हा शब्दसुद्धा जरा मोठाच झाला. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्कूटरचीही तीच गत. आमच्या मोहल्ल्यातले बरेच लोक आखातात कामाला होते. त्यांच्या घरी स्कूटर लवकर यायची, कारण परकीय चलनात पैसे भरले तर रांग टळत असे. मुलगा कुवेतला गेला हे अंगणात उभ्या असलेल्या नव्या स्कूटरवरून कळायचं. ज्यांचं कोणी बाहेर नव्हतं ते रांगेत. माझे अब्बा रांगेतले. एका सरकारी नोकराच्या पगारात मोटारीचा विचार शिवतसुद्धा नव्हता, पण स्कूटरची पावती त्यांनी कुराणशरीफच्या कपाटात, घराच्या कागदांशेजारी ठेवली होती.

मोटार मला कळली ती माझ्या मामूंमुळे. ते मुंबईत टॅक्सी चालवत. काळी-पिवळी फियाट. १९७४ पासून याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढे सलग बाक. त्या बाकावर ड्रायव्हर धरून तिघं सहज बसत. अॅम्बॅसडर ऐसपैस होती, दिल्ली-कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनी ती घेतली. मुंबईने फियाट घेतली. असं का, हे मी एकदा मामूंना विचारलं होतं. त्यांनी अॅव्हरेज सांगितलं नाही, की इंजिनाची ताकद सांगितली नाही. म्हणाले, "बेटा, कुलाब्यापासून मुलुंडपर्यंत ही कुठेही बंद पडू दे, शंभर पावलांत हिचा मिस्त्री भेटतो. अॅम्बॅसडर घेऊन कुर्ल्यात बंद पडलो, तर मी मिस्त्री शोधू की भाडं?" गाडी लहान म्हणून गल्लीत वळायची, हे दुसरं कारण. कारखाना शहरातच, म्हणून सुटे भाग हाताशी, हे तिसरं.

टेंभुर्णीच्या बैलगाडीचा तो प्रश्न आठवा. मोडली तर गावातला माणूस दुरुस्त करू शकतो का? मामूंना गेसफर्ड माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ते त्याचाच हिशेब मांडत होते.

शहरात तीनच मोटारी मिळत असताना गावात बसलेल्या एका मराठी माणसाने चौथी करून पाहिली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी १९४९ मध्ये दोन माणसांच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिच्यात सुधारणा करत राहिले. मोटारीचं नाव 'मीरा'. इंजिन मागे, गाडी हलकी, किंमत मध्यमवर्गाला परवडेल अशी ठेवायचा विचार. पण मोटार बनवणं ही काही नुसती कौशल्याची गोष्ट नव्हती, परवान्याची होती. तो काही मिळाला नाही. स्वस्त मोटार देशात हवी असं सरकारी समित्या १९६० च्या आसपास सांगत होत्या, १९७१ मध्ये मारुती लिमिटेड नावाची कंपनीही दिल्लीकडे निघाली, आणि इकडे इचलकरंजीत एक चालती मोटार उभी होती. मला या गोष्टीचा राग येतो. शंकररावांची मोटार बाजारात टिकली असती की नाही, हा प्रश्न निराळा. ती नाकारण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा होता. तो गिऱ्हाइकापर्यंत पोचूच दिला नाही.

मारुतीची हकिगत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कंपनी सरकारने घेतली, जपानच्या सुझुकीशी १९८२ मध्ये करार झाला, १९८३ च्या उन्हाळ्यात नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा-दहा हजार रुपये भरून सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी नावं नोंदवली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मोटारीच्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाला मिळाल्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पनवेलच्या मिस्त्रींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बॉनेट उघडून बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "ह्यात हात घालायला जागा कुठाय?" दुसऱ्याने पत्रा टिचकीने वाजवून पाहिला आणि मान हलवली. दोन-तीन वर्षांत हीच मंडळी मारुती डोळे मिटून खोलत-जोडत होती. माझ्या मते मारुती लहान गावांत खरी रुजली ती या दिवसापासून, दिल्लीतल्या समारंभाच्या दिवसापासून नाही. १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला आणि १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. मग बाजारात इतकी नावं झाली, की पावती जपून ठेवणाऱ्या पिढीला घेरीच यावी.

मी स्वतः गाडी घेतली ती उशिरा, आणि जुनी घेतली. मारुतीची ओम्नी. काही मित्र हसले. ओम्नी म्हणजे शाळेच्या पोरांची नाही तर सिनेमातल्या पळवून नेणाऱ्यांची गाडी. पण माझी कारणं माझ्या गल्लीत होती. आमची गल्ली एवढी अरुंद, की साध्या मोटारीचा दरवाजा पुरता उघडतच नाही. ओम्नीचा मागचा दरवाजा सरकतो. अम्मीचे गुडघे गेलेले. खोल बसक्या सीटवर ती बसायची, पण उठवायला दोघं लागत. ओम्नीची सीट खुर्चीसारखी उंच. मागची सीट काढली, की गावाकडून तांदळाच्या गोण्या येत. आणि आमच्यासारख्या वस्तीत एकाच्या दारातली गाडी ही एकाची नसते. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं, की दार माझं वाजायचं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी हवी, हे कुठल्या जाहिरातीत लिहीत नाहीत.

तिचा एक दोष मात्र झाकण्यासारखा नव्हता. पुढे नाक असं काही नाहीच. चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा. अपघाताच्या चाचण्यांचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ओम्नी बनवणं बंद झालं. मला वाईट वाटलं, तरी नियम योग्यच आहे. कामाच्या गाडीची व्याख्या आपण पैसा, ओझं आणि मिस्त्री यांवर करत आलो. धडक झाली तर आतलं माणूस वाचेल का, हे त्यात कधी धरलंच नव्हतं. आता पुतणे-भाचे गाडी घ्यायच्या आधी सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी तो प्रश्न वरच्या नंबरला घालतो. मग गाडीचा तळ रस्त्यापासून किती उंच ते विचारतो. २००५ च्या जुलैत गाढी नदीचं पाणी गावात शिरलेलं ज्याने पाहिलं, त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. सीएनजी घेणार असशील तर टाकी डिकी खाईल, मग सामान कुठे ठेवणार? विजेची घेणार असशील तर तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार का? पोरं हसतात आणि शेवटी रंग पाहून गाडी घेतात. घेऊ देत. अब्बांना रंगही निवडता आला नसता.

इथवर मी माणूस गाडी निवडतो असंच बोलत आलो. पण पनवेलला राहून एक गोष्ट दिसते. माणसाच्या आधी रस्ता निवडतो. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंब्र्यावरून जाणारा मुंबईचा फेरा सुटला. १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली आणि हजारो घरांनी मोटारीचा विचार सोडून पास काढला. मला विचाराल तर त्या वर्षी पनवेलने घेतलेलं सगळ्यांत व्यवहारी वाहन तेच. मग २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आमच्या कळंबोलीपासून सुरू होणारा, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. त्याच्या तोंडाशी पाटी आहे. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना प्रवेश नाही.

वेगाच्या रस्त्यावर हा नियम हवा, यात मला शंका नाही. शंभरच्या वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे बैलगाडी आली तर काय होईल ते सांगायला नको. तरीही ज्या गावाने देशावरच्या रस्त्याची चाकं घडवली, त्याच गावातून निघणाऱ्या देशावरच्या नव्या रस्त्यावर बैलगाडीला बंदी आहे, हे वाचताना पाटीपाशी पाय अडखळतो. बैलगाडीचं जाऊ द्या, ती तशीही गेलीच. स्कूटरचं काय? स्कूटर हेच ज्यांचं कुटुंबाचं वाहन, त्यांना पुण्याला जायला जुना घाट. रतन टाटांनी पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहिलं आणि त्यातून स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असं ते सांगत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत नॅनो दाखवली गेली, 'लाखाची गाडी' म्हणून गाजली. स्कूटरवाल्या कुटुंबाला द्रुतगती मार्गाच्या पाटीतून आत नेणारी ही पहिलीच मोटार ठरू शकली असती. पण स्वस्त हेच नाव तिला चिकटलं आणि मोटार घेणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांनी आपल्याला स्वस्तातला समजावं हे नको असतं. २०१८ मध्ये ती बंद पडली. स्कूटरवरचं कुटुंब अजून स्कूटरवरच आहे, फक्त पोरं मोठी झाली.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडीहून समुद्रावरून इकडे चिर्ल्यापर्यंत, सुमारे बावीस किलोमीटर. म्हणजे मुंबईहून समुद्र ओलांडून पनवेलच्या अंगणात उतरण्याची जुनी पडावांची वाट परत आली, पण मोटारीसाठी. सुरुवातीचा टोल मोटारीला एकेरी २५० रुपये. मोटारसायकल आणि रिक्षाला इथेही मनाई. पडावात मात्र गोणी घेऊन बसलेल्या माणसाला कोणी हटकत नसे.

मग ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांची कामाची गाडी कोणती? रायगड जिल्ह्यात फिरलात, तर उत्तर रस्त्यावरच मिळतं. मिनीडोर, विक्रम, मॅजिक आणि आता सगळीकडे इको. पेण-अलिबागकडे तर मिनीडोर हे वाहनाचं नाव राहिलेलं नाही, ती गावाची सोय झाली आहे. कोळणीची पाटी, शाळेची पोरं, दवाखान्यातून परतणारी म्हातारी, लग्नाची भांडी. या गाड्यांचे मालक-चालक हे माझ्या पाहण्यातले सगळ्यांत जाणकार गिऱ्हाईक. स्टँडवरच्या एका इकोवाल्याला मी विचारलं, हीच का घेतलीस? त्याने बोटं मोडत सांगितलं. सात माणसं बसतात, गॅसवर चालते, दार सरकतं, काही तुटलं तर पळस्प्यालाच काम होतं. मग जरा थांबून म्हणाला, "आणि चाचा, हप्ता भाड्यातून सुटतो." मामू आज असते तर त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला असता.

मामूंची फियाट मात्र ते गेल्यावर फार दिवस टिकली नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून कायद्यानेच उतरल्या. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, हार घातलेल्या टॅक्सीपुढे लोक उभे. ज्या मिस्त्रींच्या जिवावर ती गाडी पन्नास-साठ वर्षं चालली, त्यांच्यापैकी एकही त्या फोटोंत मला दिसला नाही.

जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात. ट्रकवाले, टॅक्सीवाले तिथे चालत्या गाडीतून नाणं टाकत. मामूही टाकत, बिस्मिल्ला म्हणून. मोटारींचा मोठा ओघ द्रुतगती मार्गाने वळला, तरी देवळापुढची नाणी थांबलेली नाहीत. पावसाळ्यात त्या वळणावर उभं राहिलं, की रेनकोट घातलेली, बायको-पोरांना घेतलेली दुचाकीवरची माणसं घाट चढताना दिसतात. वळणावर जरा वेग कमी होतो, मागे बसलेली बाई ओल्या हाताने पर्स चाचपते आणि एक नाणं देवळाच्या दिशेने उडतं.